काळ्या कोटावर केस नाही

१

धाकटी गेली तेव्हा लोकांनी जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. वय झालं होतं, आठवण गेली होती, हृदयानं दगा दिला, सुटली बिचारी. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तिच्या मोठ्या बहिणीनंही मान डोलावली, डोळे पुसले आणि ती आपल्या घरी परत गेली. मग ऋतू पालटला, थंडी पडायला लागली, आणि एके दुपारी भाच्याचा फोन आला.

"मावशी, आई आपली आपण गेली नाही. तिला घालवलंय कुणीतरी."

"नीट बोल. शुद्धीवर आहेस ना?"

"हॉस्पिटलात राहिलेले कागद आणायला गेलो होतो. तिथले डॉक्टर म्हणाले, आईचं थायरॉइड इतकं भडकलं होतं की हृदयाला ते झेपलंच नाही. मी म्हटलं, ते दाबायला तर तिला रोज गोळी होती. तर म्हणाले, रोज गोळी घेणाऱ्या माणसाचं रक्त असं नसतं. कित्येक महिने तिच्या पोटात गोळी गेलेलीच नाही."

सगळी नोकरी तिनं पोलिसांच्या तपास खात्यात काढली होती. खात्यात तिला 'चिमटा' म्हणायचे, कारण एकदा पकडलं की सोडायची नाही. पण परक्याच्या घरातलं मरण वेगळं आणि पाठच्या बहिणीचं वेगळं. चिमट्यालाही घाम फुटतो.

"गोळ्या शिल्लक सापडल्या?"

"एकसुद्धा नाही. पाकिटं वेळच्या वेळी रिकामी झालीत. म्हणजे रोज कुणीतरी गोळी काढत होतं आणि आईला देत नव्हतं. आणि गोळ्या कुणाच्या ताब्यात? आईला सांभाळायला ठेवलेल्या सिस्टरच्या. तिची नर्सची नोंदणी रद्द करायला लावतो की नाही बघ. तक्रार लिहून ठेवलीय, फक्त सही राहिलीय."

"बाबा काय म्हणतात तुझे?"

"ते काय म्हणणार. सिस्टर चांगली बाई आहे, गोळी दिली जात होती, एवढंच घोकत बसतात. मावशी, बाबांना जगात सगळेच चांगले दिसतात."

"सही करू नकोस," मावशी म्हणाली. "मी येतेय."

२

धाकटीचा नवरा घड्याळजी. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण हात स्वस्थ बसणारे नव्हते. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं काचेचं टेबल होतं, त्यावर भिंग, चिमटे, आणि वाटीएवढ्या काचेच्या झाकणांखाली उघडी पडलेली घड्याळं. जुनी गिऱ्हाइकं अजून यायची. आणि याच घरात कापूस नावाचा कुत्रा होता, जो केस गाळायचा.

कुत्र्यांचे केस गळतातच, त्यात नवल काय, असं कुणी म्हणेल. त्यानं कापसाला उन्हाळ्यात बघायला हवं होतं. पांढरा, दुहेरी केसांचा, वरचे राठ आणि आतली लव मऊ. हात फिरवला की मूठभर यायची. घड्याळात एक केस शिरला की चाक अडतं, घड्याळ बंद. त्यामुळे घड्याळजीनं केसांशी उभं वैर मांडलेलं. रोज सकाळी मागच्या पायरीवर कापसाला उभा करून आधी विरळ दातांचा कंगवा, मग आतली लव ओढून काढणारा दातेरी ब्रश, मग ओल्या रबरी मोज्यानं पुसणं. नंतर घरभर व्हॅक्यूम. कापसाच्या अंथरुणाची चादर रोज धुवायची, बिछान्यांवर त्याला बंदी, आणि जेवणघरात तर उंबऱ्याच्या आत पायच ठेवायचा नाही. उन्हाळ्यात मावशी आली होती तेव्हा एवढं सगळं करूनही तिच्या बारा महिने अंगावर असणाऱ्या काळ्या कोटाचा पांढरा कोट झाला होता. "भावोजी, याला विणून स्वेटर करा, म्हणजे सुटाल," असं ती म्हणाली होती, आणि धाकटी खुदकन हसली होती. तेव्हा धाकटीला बहिणीचं नाव आठवत नव्हतं, पण हसायचं कुठं ते कळत होतं.

आता मावशी सोफ्यावर बसली होती, कापूस तिच्या बुटांवर पसरला होता आणि समोर घड्याळजी मान खाली घालून बसला होता. माणूस अर्धा झाला होता.

"ताई, तुम्ही आलात ते बरं केलंत," तो म्हणाला. "मुलाला समजवा. सिस्टरनं काही वाकडं केलेलं नाही."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"म्हणजे तुम्ही रोज बघायचात? गोळी देताना?"

घड्याळजीनं टेबलावरचं भिंग उचललं, पुसलं, परत ठेवलं. "गोळी दिली जात होती. शपथेवर सांगतो. औषधंच बनावट निघाली असतील, त्या औषधवाल्याला विचारा."

मावशीनं जन्मभर खोटं बोलणारे पाहिले होते. हा खोटं बोलत नव्हता. पण काहीतरी गिळत होता. ती उठली, सवयीनं कोट झटकला, आणि झटकता झटकता थांबली. कोट काळाच्या काळा होता. बाहीवर, कॉलरवर, कुठंही एक केस नाही.

"कापसाला काय झालं, भावोजी?"

"ती गेली आणि याचं गळणं हळूहळू थांबलं," घड्याळजी म्हणाला. "मुका जीव. दुःख झालं असेल त्याला."

३

सिस्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला एका जिन्याखालच्या खोलीत राहत होती. भाच्यानं तिला कामावर पाठवणाऱ्या संस्थेत फोन केल्यापासून त्या संस्थेनं तिला दुसरं काम दिलं नव्हतं. चौकशी संपेपर्यंत थांबा म्हणाले होते, आणि थांबणाऱ्याच्या पोटाला कुणी थांब म्हणत नाही. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून ती दिवस ढकलत होती. मावशीला बघून तिनं इस्त्री उभी केली आणि एकुलती खुर्ची पुढे सरकवली.

"मॅडम, मी त्यांना आईसारखं सांभाळलं."

"असेल. गोळी कशी द्यायचात ते सांगा."

"रोज सकाळी. जिभेवर ठेवायची, वर पाणी पाजायचं, गिळली की तोंड उघडून बघायचं. आम्हांला शिकवलंय तसंच."

"रोज? एकदाही चुकलं नाही?"

"नाही."

"हात दाखवा जरा."

सिस्टरला कळेना. तिनं दोन्ही हात पुढे केले. इस्त्रीचा एक जुना चटका सोडला तर हात स्वच्छ होते. मावशीनं आपलं बोट तिच्या शेजारी धरलं. बोटावर दातांचा अर्धगोल व्रण होता.

"उन्हाळ्यात तिच्या ओठाला लागलेलं पुसायला गेले तर करकचून चावली. सख्ख्या बहिणीला. तोंडाशी बोट नेलेलं तिला खपायचंच नाही. आणि तुम्ही कित्येक महिने रोज तिच्या जिभेवर गोळी ठेवत होतात, आणि तुमच्या हाताला ओरखडासुद्धा नाही. सिस्टर, तुम्ही खोटं बोलताय."

बाईचा चेहरा उतरला. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. मग रडायला लागली, आवाज न करता, जिन्यावरून जाणाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"गोळी गेली होती, मॅडम. देवाशप्पथ गेली होती."

"कुणाच्या हातून?"

"ते मला विचारू नका. मी बोलले तर माझी नोंदणी जाते, आणि नाही बोलले तरी जाते. आता जाऊ दे. त्या म्हाताऱ्या माणसाला का ओढायचं?"

४

औषधवाला गप्पिष्ट होता. मावशीला फार खोदावं लागलं नाही.

"बनावट? माझ्याकडे? अहो, त्याच खोक्यातल्या गोळ्या चार घरी जातात, सगळी ठणठणीत आहेत. कंपनीचा माल आहे, मी काय घरी लाटतोय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "घड्याळजी मात्र हळवा माणूस. बायको गोळी थुंकते म्हणून इथं येऊन कासावीस झाला होता. ही गोळी लोण्यात दिली तर चालेल का, कडू लागेल का, मोडली तर असर जाईल का... मी म्हटलं, लोण्यात द्या नाहीतर मधात द्या, पोटात गेली म्हणजे झालं."

दुकानाबाहेरच्या बाकड्यावर ती थोडा वेळ बसली. तिला सिस्टर दोषी निघाली असती तर चाललं असतं. औषधवाला निघाला असता तरी चाललं असतं. घड्याळजी निघू नये, एवढंच तिला हवं होतं. लग्नाच्या दिवशी धाकटीच्या चपलेचा पट्टा तुटला, तर यानं भरमांडवात खाली बसून घड्याळाच्या पट्ट्याची पिन काढून तो जोडून दिला होता. पण आवडता माणूस म्हणून संशयितांतून नाव वगळणं तिला कधी जमलं नव्हतं.

संध्याकाळी ती घड्याळजीच्या टेबलासमोर जाऊन बसली.

"लोण्यात गोळी कोण घालायचं, भावोजी?"

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. एवढे दिवस गिळून ठेवलेलं आता बाहेर पडणार म्हणून त्याला जरा सुटल्यासारखंच वाटलं असावं.

"मीच. ती सिस्टरच्या हातची थुंकायची, चावायला धावायची. मी म्हटलं, माझ्या हातचं ती खाते, मी बघतो. पावाच्या तुकड्याला चीर पाडायची, गोळी आत, वर लोणी. दिसणारच नाही अशी. घड्याळजीचे हात आहेत, ताई. पण अन्नात लपवून औषध द्यायचं नाही असा सिस्टरच्या संस्थेचा नियम आहे. कळलं असतं तर तिला काढलं असतं. ती नको म्हणत होती, मीच हातापाया पडलो. मग सकाळी मी न्याहारी देईपर्यंत ती आत पलंग आवरायला जायची. बघितलं नाही म्हणजे माहीत नाही. तिला शब्द दिलाय मी, म्हणून मुलापाशी बोललो नाही."

"आणि तो तुकडा धाकटी खायची?"

"खायची म्हणजे! बशी समोर ठेवायचो, मी ओट्याशी जाऊन चहा गाळून आणायचो, तोवर पहिला तुकडा खलास. एकदाही उरला नाही." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान आला. "माझ्या हातचा घास तिनं कधी टाकला नाही."

म्हणजे गोळी पावात गेली होती, पाव बशीत गेला होता, आणि बशी रिकामी झाली होती. तरीही धाकटीच्या रक्तात तिचा मागमूस नव्हता. मावशी उठली. दाराशी कापूस शेपूट हलवत उभा होता. जाड, झुपकेदार शेपूट. उन्हाळ्यात हीच शेपूट उंदरासारखी टक्कल पडलेली होती, हे तिला आत्ता आठवलं.

५

जनावरांच्या डॉक्टरनं कापसाला टेबलावर घेतलं आणि दोन्ही कुशींवरून हात फिरवला.

"हा तोच कुत्रा?"

"का हो?"

"उन्हाळ्यात याच्या दोन्ही बाजूंना सारखेच चट्टे पडले होते. साधं गळणं म्हणजे काय, ऋतू बदलला की जुने केस जातात, नवे येतात. विंचरत राहायचं, अंघोळ घालायची, खाण्यात थोडं माशाचं तेल घालायचं, निभतं. पण याचं जात होतं आणि येत नव्हतं. वजन वाढलेलं, दिवसभर झोपा. मी रक्त काढलं. थायरॉइड अगदी मंदावलेलं. गोळ्या सुरू करा म्हणून सांगायला फोन केला, कुणी उचलला नाही. नंतर कळलं, त्याच आठवड्यात बाई गेल्या."

"मग आता हा बरा कसा?"

"तेच म्हणतो. असं आपोआप बरं होत नाही."

"घरचे म्हणतात, दुःखानं गळायचा थांबला."

"दुःखानं केस गळतात, मॅडम. दुःखानं केस आलेले मी तरी पाहिले नाहीत." डॉक्टरनं परत रक्त काढलं आणि तिला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळानं आला तेव्हा भुवया वर होत्या. "एकदम व्यवस्थित. याला दुसरा अर्थ नाही. याचं थायरॉइड मुळात चांगलंच होतं. ते दाबणारं काहीतरी रोज याच्या पोटात जात होतं, आणि ते थांबलं."

थायरॉइड दाबणारी गोळी त्या घरात एकाच माणसासाठी यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी न्याहारीला मुद्दाम धाकटीच्या खुर्चीत बसली. टेबलावर जमिनीपर्यंत येणारी जुनी चादर होती. घड्याळजीनं बशी ठेवली आणि पाठ फिरवून तो ओट्याकडे गेला. चहाचं भांडं वाजलं मात्र, जेवणघरात पाय ठेवायची बंदी असलेला कापूस उंबरा ओलांडून बिनआवाज आत आला आणि चादरीखाली शिरला. मावशीच्या डाव्या गुडघ्यावर गरम हनुवटी टेकली. तिनं पावाचा एक तुकडा खाली धरला. तो तिच्या बोटांना दात न लावता हळूच काढून घेतला गेला, आणि चावल्याचा आवाजसुद्धा आला नाही. घड्याळजी कप घेऊन वळला तेव्हा कुत्रा कधीच बाहेर पसार झाला होता.

"पहिला तुकडा संपला का?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्याला बिचाऱ्याला तशी सवयच लागली होती.

"संपला," मावशी म्हणाली, आणि तिनं चहा बाजूला सारला.

सगळं समोर मांडलेलं होतं. गोळी कापूस खात होता, म्हणून कापसाचे केस गळत होते. केस गळत होते, म्हणून घड्याळजी त्याला टेबलापासून आणखी लांब ठेवत होता, धाकटीला रागवत होता, त्याला खाऊ घालू नको, केस उडतात म्हणून. तो रागवत होता, म्हणून ती चोरून घालत होती, त्याची पाठ फिरली की. आणि इकडे तिचं अंग झिजत होतं, हात थरथरत होते, छाती धडधडत होती, आणि सगळे म्हणत होते, वय झालं. यात एकही माणूस वाईट नव्हता. एखादा वाईट असता तर मावशीला झोप तरी लागली असती.

हे जर सांगितलं तर सिस्टर सुटत होती आणि हा माणूस मरत होता.

६

त्या दुपारी भाचा तक्रारीचा कागद घेऊन आला. मावशीनं त्याला आणि घड्याळजीला पुढच्या खोलीत बसवलं. नोकरीत असताना तिनं कधी खोटा निष्कर्ष दिला नव्हता. आज तो तिनं सकाळपासून घासूनपुसून तयार केला होता.

"कागद फाड," ती भाच्याला म्हणाली. "कुणाचाच दोष नाही. तुझी आई गोळी गालात धरून ठेवायची आणि कुणाचं लक्ष नसलं की थुंकायची. अशा आजारात माणसं करतात तसं. सिस्टरला कळणं शक्य नव्हतं."

भाचा कागदाकडे बघत राहिला. त्याचा राग असा एकदम जागेवरून उठेना. खरं तर तो राग आपण आईला भेटायला फारसे आलो नाही याचाच होता, सिस्टर नुसती हाताशी सापडली होती.

"नाही," घड्याळजी म्हणाला.

"भावोजी, राहू द्या आता."

"नाही, ताई. ती थुंकत नव्हती. सिस्टरच्या हातची थुंकायची, माझ्या हातची नाही." मग तो मुलाकडे वळला. "गोळी मी देत होतो. पावात घालून. सिस्टरला शब्द दिला होता म्हणून बोललो नाही. पण तुझ्या आईला कुणी लबाड म्हणावं, हे मी ऐकून घेणार नाही."

"बाबा, तुम्ही?"

"आणि थुंकली असती तर गोळी कुठंतरी पडली असती ना?" म्हाताऱ्याचा आवाज चढला होता. हा माणूस बंद पडलेलं घड्याळ उघडून बसला की मध्येच सोडून उठत नसे, आणि मावशीला हे आधी सुचायला हवं होतं. "या घरात मी रोज केस काढतो. सोफ्याखाली, टेबलाखाली, सिंकच्या जाळीत, सगळीकडे. व्हॅक्यूमची पिशवी रिकामी करताना हातानं चाळतो, एकदा बारीक स्क्रू गेला होता तेव्हापासून. एक गोळी सापडली नाही कधी. उशाशी नाही, कुंडीत नाही. मग गेली कुठं? पावात होती. पाव बशीत होता. बशी रिकामी व्हायची. तिनं खाल्ली नाही, थुंकली नाही..."

"भावोजी, पुरे."

"...आणि तिथं दुसरं कुणी नव्हतं."

तो थांबला. कापूस टेबलाखालून उठून त्याच्या पायाशी आला होता. घड्याळजीनं नकळत त्याच्या पाठीवर हात ठेवला, मुठीत लव धरून हलकेच ओढली, रोज सकाळी ओढायचा तशी. मग मूठ उघडून बघितली. काही नव्हतं. तो कितीतरी वेळ मोकळ्या हाताकडे बघत राहिला. भाच्याला काही कळलं नव्हतं, आणि मावशीला ते थांबवता येत नव्हतं.

"उन्हाळाभर मी याला टेबलापासून हाकलत होतो," तो हळू म्हणाला. "तिला ओरडायचो."

"तुम्हांला काय माहीत, भावोजी. कुणालाच माहीत नव्हतं."

"तुम्हांला होतं. म्हणून तुम्ही ते थुंकण्याचं काढलंत."

मावशीनं मान डोलावली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं भाच्याला सगळं सांगितलं, डॉक्टरचं म्हणणं, रक्त, गुडघ्यावरची हनुवटी. भाचा उठून बापाजवळ खाली जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि त्यानं तो कागद फाडला.

मग घड्याळजीनं फोन मागितला.

"सिस्टर, मी बोलतोय. तुमच्यावरचं सगळं खोटं ठरलं. मी उद्या तुमच्या संस्थेत येतो. सांगतो की गोळी मी पावात घालत होतो, आणि तुमच्या नकळत घालत होतो." पलीकडून बाई काहीतरी म्हणत होती, रडतही असावी. "नाही, नकळतच. माझं ऐका. तुमचं उभं आयुष्य आहे अजून. मला कोण काढणार आहे कामावरून?"

"मीही येतो बाबांबरोबर," भाचा फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला. त्याला पुढे माफी मागायची होती, पण ती राहूनच गेली. मावशीनं जन्मभर खोट्या साक्षी मोडून काढल्या होत्या. ही तिनं ऐकली आणि खिडकीबाहेर बघितलं.

घड्याळजीनं फोन ठेवला. भाचा चहा करायला आत गेला, कारण काहीतरी करायला हवं होतं. मग म्हातारा मावशीकडे न बघता म्हणाला, "एक विचारू, ताई? खरं सांगा. तिला संशय आला होता का माझा? पावात काहीतरी आहे, नवरा काहीतरी खाऊ घालतोय, म्हणून तिनं ते दुसऱ्याला दिलं का?"

हे त्याला खरं टोचत होतं. बायको गेली हे तो सोसत होता, आपल्या हातून गेली हेही कदाचित सोसेल. पण तिनं आपला घास भिऊन टाकला असेल, हे मात्र त्याला सोसवणार नव्हतं.

"लोणी किती लावायचात त्या तुकड्याला?" मावशीनं विचारलं.

"भरपूर. गोळी झाकायला हवी ना. बाकीच्या तुकड्यांना थोडं थोडं, आणि त्याला बोटभर जाड."

"मग संशय कसला आलाय, भावोजी," मावशी म्हणाली, आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू तिला आवरेना. "बशीतला सगळ्यात चांगला तुकडा तिनं आयुष्यात कधी स्वतः खाल्ला नाही. जवळ जो बसला असेल त्याला द्यायची. आम्ही लहान होतो तेव्हा तो मला मिळायचा."